खणल्यासारखं दाखवा

पंचवटी, नाशिक
१९ नोव्हेंबर १९७८

सौ. चंद्रभागा हिस,

हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हींचं उत्तर आलं नाही, तेव्हा याचंही येणार नाही असं धरूनच लिहायला बसलो आहे. तू पत्रं न उघडता फाडत असशील असं मात्र मला वाटत नाही. तू कागद फाडणारी नाहीस. मे महिन्यात माझं पुस्तकसुद्धा तू फाडलं नाहीस. शेवटच्या पानापर्यंत वाचलंस, फळीवर नीट ठेवलंस आणि नामपूरच्या गाडीची वेळ विचारलीस.

त्या वेळी मी जे बोललो ते चुकलं. 'रहस्यकथेला प्रेत लागतं,' असं म्हणालो होतो. खरं म्हणजे मी गप्प बसायला हवं होतं.

तुझे आप्पा सतरा वर्षांपूर्वी लासलगावच्या बाजारातून नाहीसे झाले, तमाशातल्या एका बाईला घेऊन भुसावळच्या गाडीत बसले असं सगळं गाव म्हणालं, सासूबाई तुला घेऊन माहेरी नामपूरला आल्या आणि तेव्हापासून खाली मान घालून जगल्या. हे तू लग्नानंतर दोन वर्षांनी मला सांगितलंस. त्याआधी कुणाला सांगितलं नव्हतंस. आणि मी ते 'रजनीनाथ' या टोपणनावाने एकशे बारा पानांत छापून एसटी स्टँडच्या स्टॉलवर विकायला ठेवलं. नावं बदलली. पण आप्पा कांदा तुझ्या कानाशी धरून चोळायचे आणि सालीची सळसळ ऐकवून म्हणायचे, 'ऐक, हा चार महिने टिकतो,' ते मी तसंच घेतलं. कारण ते चांगलं होतं. पळून गेलेल्या माणसावर रहस्यकथा होत नाही, म्हणून मी त्यांना भागीदाराच्या हातून मारलं आणि कांद्याच्या वखारीत पुरलं. सडक्या कांद्याच्या वासात दुसरा वास कळत नाही, एवढाच विचार त्यात होता. हे सगळं ओझरच्या कारखान्याच्या बसमध्ये, जातायेता लिहून झालं. वाईट वाटायला वेळच मिळाला नाही.

आता बातमी. त्या पुस्तकावर सिनेमा निघतो आहे. तू रागावशील, तरी दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. लासलगावकडचे एक कांद्याचे व्यापारी पैसे घालणार आहेत. गेल्या रविवारी दुपारी ते स्वतः खोलीवर आले. पुस्तक चार वेळा वाचलंय म्हणाले. हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्यांनी दोनदा विचारलं. कुणी नाही, डोक्यातून आलं, असं मी सांगितलं. ते बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिले.

स्टोव्हची पिन कुठे ठेवली होतीस तेवढं कळव. सगळं शोधून झालं.

धोंडीराम

*

पंचवटी, नाशिक
१४ जानेवारी १९७९

सौ. चंद्रभागा हिस,

तिळगूळ घ्या, असं लिहून पुढे काय लिहावं ते सुचत नाही. यंदा मला कारखान्यातल्या स्टोअरच्या शिपायाने दिला, आणि शेठनी.

शेठ दर रविवारी येतात. दुपारी जेवण करून लासलगावहून जीपने निघतात, साडेतीनला इथे. तुझ्या खाटेवर मांडी घालून बसतात, भाजलेल्या शेंगांचा पुडा मध्ये ठेवतात, आणि मी आठवड्यात लिहिलेले प्रसंग वाचून दाखवतो. दिग्दर्शक कोल्हापूरचे आहेत. त्यांनी आजवर दोन चित्रपट केले, दोन्ही देवांचे. शेठना ते फारसं विचारत नाहीत, कारण पैसे शेठचे. शेठ मात्र मला एकेक गोष्ट विचारतात. माझं लिहिणं इतकं मन लावून कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. तू ऐकायचीस, पण भाकऱ्या करता करता.

त्यांच्या सूचनाही बारीक असतात. कुऱ्हाड नको म्हणाले. कुऱ्हाडीला रक्त फार येतं, बांबूच्या भिंतीवर उडतं, मग तेवढे बांबू बदलावे लागतात आणि ते एकटेच नवे दिसतात. त्याऐवजी तराजूच्या काट्याचं मोठं लोखंडी माप घ्यावं. मी मान्य केलं. नंतर म्हणाले, तुम्ही पाऊस दाखवलाय, त्या दिवशी पाऊस नव्हता. कोणत्या दिवशी, असं मी विचारलं. 'गोष्टीतल्या हो,' ते म्हणाले आणि शेंग फोडली.

आपल्या घरमालकीणबाई, सखुबाई, म्हणतात की एवढा मोठा माणूस दारात येतो म्हणजे तुमचे दिवस फिरले. फिरले असतील. आठवडाभर मी कारखान्यात भागांच्या नोंदी करतो, संध्याकाळी खानावळीत जेवतो, आणि रविवारच्या साडेतीनकडे लक्ष ठेवून असतो. तू गेल्यापासून या खोलीत माझ्याशी दोन तास बोलणारा तो एकटाच माणूस आहे. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

सासूबाईंना नमस्कार.

धोंडीराम

*

६ मार्च १९७९
(वहीत. टाकायचं नाही.)

चंद्रा,

तुला लिहायची सवय लागली म्हणून तुलाच लिहितो आहे, पण हे तुझ्या हाती पडता कामा नये.

आधी कबुली. ते शेठ म्हणजे झुंबरशेठ. तुझ्या आप्पांचे भागीदार, ज्यांना तू लहानपणी झुंबरकाका म्हणायचीस, आणि आप्पांना त्या बाईबरोबर गाडीत बसताना आपण डोळ्यांनी पाहिलं असं ज्यांनी गावभर सांगितलं. पहिल्याच रविवारी दारात उभं राहून त्यांनी नाव सांगितलं होतं. मी तुला लिहिलं नाही. आधी वाटलं, पुस्तकातला खुनी भागीदार आपणच म्हणून अब्रुनुकसानीचा दावा लावायला आलेत. मी घाबरलो. त्यांनी सिनेमा काढू म्हटल्यावर इतकं हायसं वाटलं की पुढचं काही विचारावंसंच वाटलं नाही. तू ऐकलं असतंस तर नको म्हणाली असतीस. म्हणून व्यापारी असं लिहिलं.

परवा रविवारी मी खुनाचा प्रसंग वाचून दाखवत होतो. पुस्तकात मरणारा माणूस भागीदाराला मैत्रीबद्दल दोन पानं बोलतो, ते तुला आठवत असेल. मला ती पानं आवडायची. झुंबरशेठ शेंगा खायचे थांबले.

"मरताना मानूस दोन पानं बोलत नाय, लेखकसाहेब," ते म्हणाले.

सिनेमात बोलावं लागतं, असं मी म्हणालो.

"वाळू फकस्त 'आरं' म्हनला."

माझ्या पुस्तकात त्या माणसाचं नाव कोंडाजी आहे. वाळू हे तुझ्या आप्पांचं नाव.

स्टोव्हवर चहा होता, तो उतू गेला. झुंबरशेठ उठले, फडक्याने भांडं उतरवलं, दोन कपांत ओतलं आणि एक माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "ते 'आरं' तेवढं घ्या. बाकीचं काढा."

यापुढे त्याला अहो-जाहो करणं माझ्याने होणार नाही.

त्याने सगळं सांगितलं. घाई नव्हती. जुनं दुखणं वैद्याला सांगावं तसं सांगितलं. मापं आतून पोखरून हलकी केलेली होती, विकताना तीच काट्यावर जायची. आप्पांच्या ते लक्षात आलं. बाजार समितीत जातो म्हणाले. दुपारची वेळ होती, हमाल जेवायला गेले होते. आप्पा वखारीत वाकून कांदा बघत होते, पाठमोरे. दोनदा मारावं लागलं, कारण हातात आलं ते माप पोकळ होतं. 'खरं असतं तर एकातच झालं असतं,' असं तो म्हणाला, आणि त्यात त्याला काही वावगं बोललो असं वाटलं नाही. भुसावळची गाडी आणि ती बाई त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी रचली. अशी बाई नव्हतीच.

मी विचारलं, मग सिनेमा कशाला? त्याचं उत्तर मला शहाणपणाचं वाटलं. पुस्तक आल्यापासून बाजारात कुजबुज सुरू झाली होती. त्याच गोष्टीवर आपणच पैसा लावला तर लोक म्हणतील, याच्या मनात पाप असतं तर यानं असं केलं असतं का.

आणखी एक म्हणाला. "सतरा वरसं हे कुनाशी बोललो नाय. बायकोशी बी नाय. तुमचं पुस्तक वाचलं आन वाटलं, चला, एकाला तरी ठावं हाय."

त्या क्षणी मला त्याची कीव आली, चंद्रा. तुझ्या बापाला मारणाऱ्याची. मी हे लिहून ठेवतो आहे, कारण पुढे कधी मी स्वतःला फार चांगला माणूस समजायला लागलो तर हे पान समोर असावं.

जाताना त्याने चपला घातल्या आणि जिन्यावरून विचारलं, "नामपूरला शाळंत शिकवत्यात न्हवं तुमच्या बाई? शाळा साडेदहाला भरती. येताना एकट्याच आसत्यात." मग म्हणाला, पुढच्या रविवारी शेवटचं रीळ वाचू.

सोमवारी मी कामावर गेलो. आज बसमध्ये दोन प्रसंग लिहिले. खुनाच्या प्रसंगातली ती दोन पानं काढली आणि 'आरं' घातलं. प्रसंग आधीपेक्षा चांगला झाला आहे.

*

पंचवटी, नाशिक
९ मार्च १९७९

सौ. चंद्रभागा हिस,

इकडे सर्व ठीक. सिनेमाचं काम बरं चाललं आहे, विशेष काही नाही.

ऊन वाढलं आहे. शाळेतून येताना एकटी येऊ नकोस, वरच्या वर्गातल्या दोघीतिघींना बरोबर घेत जा. शक्यतो हमरस्त्याने ये, मळ्यातून नको. दारात ओळख नसलेली जीप उभी दिसली तर सासूबाईंना घेऊन शेजारी जाऊन बस. उगाच लिहितो आहे, पेपरात काहीबाही येतं म्हणून.

स्टोव्हची पिन सापडली.

धोंडीराम

*

८ एप्रिल १९७९
(वहीत.)

चंद्रा,

चित्रण संपत आलं. हसू येतं आणि आलं की भीती वाटते, म्हणून कुणाशी बोलत नाही.

दिग्दर्शकांना खरी वखार हवी होती. झुंबरशेठ म्हणाला, नाशिकला नकली बांधा. दिग्दर्शकांनी नकली बांधायला किती खर्च येईल ते सांगितलं आणि दोन दिवसांत त्याचा विचार बदलला. उन्हाळी कांदा भरायच्या आधी वखार रिकामीच असते, तेवढे चार दिवस देतो म्हणाला. बांबूच्या भिंती, उन्हाच्या पट्ट्या, खाली मातीची जमीन. दिग्दर्शक खूश झाले. अट एकच. प्रेत पुरण्याच्या प्रसंगात जमिनीला कुदळ लावायची नाही.

"खनायचं नाय. खनल्यासारखं दाखवा," तो म्हणाला.

मग हवेत कुदळ मारायचं ठरलं. आवाज नंतर भरायचा.

खुन्याचं काम करणारा नट पहिल्या दिवशी आलाच नाही. त्याला मुंबईत हिंदी काम मिळालं होतं. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसले असताना झुंबरशेठ काट्याजवळ हमालांना ओरडत होता. त्यांनी पाच मिनिटं त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाले, माणूस तर इथेच आहे. त्याने 'नाय, नाय' म्हणत होकार दिला. दुसऱ्या दिवशी केस काळे करून आला.

चंद्रा, मी वखारीच्या दारात कागद घेऊन उभा होतो. बाजूला माणसं उभी, सगळा बाजार गोळा झालेला. झुंबरशेठने दारातून आत यायचं, सरळ चालत कोपऱ्यातल्या आप्पांपर्यंत जायचं, एवढंच होतं. आप्पांचं काम लासलगावचाच एक नाटकवाला करत होता, यादव नावाचा. झुंबरशेठ आत आला, तिसऱ्या खांबापाशी वळसा घेतला आणि पलीकडून गेला. दिग्दर्शक म्हणाले, शेठ, सरळ या, नाहीतर तुम्ही खांबाआड जाता. दुसऱ्यांदा तेच. खडूने रेघ आखली. तो रेघेवरून खांबापर्यंत आला, उतरला, जमिनीचा तेवढा तुकडा सोडला आणि पुन्हा रेघेवर आला. असं नऊ वेळा. त्याच्या ते लक्षातही येत नव्हतं. पाय आपले आपण वळत होते. नवव्या वेळेला दिग्दर्शकांनी कंटाळून सांगितलं, राहू द्या, पात्राच्या मनात काहीतरी आहे असं दिसतं, बरं दिसतं.

आणि मग यादव वाकला, मागे बघून म्हणाला, "आरं."

झुंबरशेठच्या हातातलं माप खाली पडलं. तो मटकन जमिनीवर बसला आणि तोंडाचा आ करून यादवकडे बघत राहिला. मग दिग्दर्शक 'कट' म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हमालांनी, बायकांनी, बाजार समितीच्या माणसांनी. असं काम पाहिलं नाही म्हणाले.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी तिसऱ्या खांबाजवळच्या जमिनीकडे बघत होतो. मान वर केली तेव्हा त्या गर्दीतून झुंबरशेठ माझ्याकडे बघत होता.

*

नामपूर, शाळेचा व्हरांडा
१६ एप्रिल १९७९

चंद्रा,

हे पत्र शिपाईमामांच्या हाती आत पाठवतो आहे. मी बाहेर बाकावर बसलो आहे. तोंडाने सांगायचा सराव सटाण्याला गाडी बदलल्यापासून केला, जमलं नाही. मला लिहिताच येतं तेवढं. तास संपल्यावर वाच. मुलींसमोर वाचू नकोस.

तुझे आप्पा पळून गेले नाहीत. ते भुसावळच्या गाडीत बसले नाहीत. ते कुठल्या बाईला घेऊन गेले नाहीत, अशी बाई नव्हती. मापात लबाडी होत होती ती त्यांना कळली, ते तक्रार करायला निघाले होते, म्हणून झुंबरकाकांनी त्यांना त्याच दिवशी वखारीत मारलं. ते लासलगावच्या बाहेर गेलेच नाहीत. झुंबरने हे मला स्वतः सांगितलं. जागा कोणती ते त्याने सांगितलं नाही, पण मला कळली आहे.

मला सहा आठवड्यांपासून हे माहीत आहे. त्या सहा आठवड्यांत मी त्याच्यासाठी सिनेमा लिहीत होतो. तो तुझ्या शाळेची वेळ मला सांगून गेला होता, हे एक कारण. दुसरं कारण मी शोधलं तर सापडेल, आणि ते तुला आवडणार नाही.

परवा पोलिसांत गेलो. इन्स्पेक्टरनी सगळं ऐकलं. मग टेबलाच्या खणातून माझंच पुस्तक काढलं. म्हणाले, हे मी जानेवारीत वाचलंय, भागीदार, वखार, प्रेत, सगळं यातच आहे, तुम्ही मला तुमचीच गोष्ट सांगता आहात. मी म्हणालो, ती मी आधी खोटी लिहिली आणि मग ती खरी निघाली. त्यांनी मला पाणी दिलं. शेवटी म्हणाले, त्या माणसाच्या घरच्यांपैकी कुणी लेखी तक्रार दिली तर मला वखार उघडता येईल. लेखकाच्या सांगण्यावरून नाही.

घरचं म्हणजे तू आणि सासूबाई. तक्रार दिलीत तर त्यांना सतरा वर्षांनी विधवा व्हावं लागेल. दिली नाहीत तर गावाच्या तोंडी ती बाई आहेच. यात काय करावं हे सांगायचा मला अधिकार नाही, आणि काय लिहावं हेही कळत नाही.

गेले तीन दिवस कारखान्याच्या फाटकासमोर त्याची जीप उभी असते. आज मी रजा टाकून मागच्या फाटकाने निघालो. वखारीत कांदा भरायला लागला आहे. एकदा भरली की ती पावसाळा उलटेपर्यंत रिकामी होत नाही.

तुला भेटायचं नसेल तर शिपाईमामांकडे तसं सांग. पाचच्या गाडीने मी परत जाईन.

धोंडीराम

*

पंचवटी, नाशिक
३ जून १९७९

प्रिय चंद्रा,

तू सगळ्या वेळी तिथेच होतीस, तेव्हा तुला काय कळवायचं, असं कुणी म्हणेल. पण आपण दोघं तिथे असून बोललो नाही, म्हणून माझ्या बाजूने काय झालं ते लिहितो.

तू शाळेच्या पायऱ्या उतरून आलीस तेव्हा तुझ्या हाताला खडू तसाच होता. तू बसली नाहीस. 'आईला मी सांगते, तुम्ही सांगू नका,' एवढंच म्हणालीस. घरी गेल्यावर मी ओट्यावर थांबलो आणि आतून काहीच आवाज आला नाही. रडण्याचा आला असता तर बरं वाटलं असतं. सासूबाई अर्ध्या तासाने बाहेर आल्या, पदर नीट केला आणि मला म्हणाल्या, "म्हंजे बाई नव्हती."

नव्हती, असं मी म्हणालो.

"नक्की सांगा."

नव्हती, असं मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तक्रारीला अंगठा चालतो का. पुढे त्या मान वर करून गावातून स्टँडपर्यंत चालत गेल्या. वाटेत शेजारच्या भागुबाईंनी कुठे निघालात म्हणून विचारलं. मालकाला बघायला, असं त्यांनी सांगितलं.

चोवीस एप्रिलला वखार उघडली तेव्हा ती अर्धी भरली होती. पोलिसांनी हमाल लावून कांदा बाहेर काढला, सगळा बाजार पुन्हा गोळा झाला. मी तिसरा खांब दाखवला. झुंबरशेठ दोन शिपायांच्या मध्ये उभा होता. केसांचा काळा रंग मुळाशी उडाला होता. पहिल्या कुदळी पडल्या, हातभर खोल गेलं, काही लागलं नाही. इन्स्पेक्टर माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, हेही सगळं माझ्याच डोक्यातलं निघालं की काय.

तेव्हा झुंबरशेठ म्हणाला, "तिथं नाय. दोन हात अलीकडं." चुकीचं काही त्याला बघवतच नाही. मी त्याला पाच महिने ओळखत होतो, म्हणून मला नवल वाटलं नाही. शिपायांना वाटलं. तो मग कुणी न विचारताच पुढचंही बोलत गेला, डोकं कुठल्या बाजूला, किती खोल, वरून किती कांदा टाकला. मध्येच तो माझ्याकडे वळला आणि त्याच्या चेहऱ्यावर तोच भाव होता जो रविवारी साडेतीनला असायचा. मी मान फिरवली. हल्ली रविवारी दुपारी मी खोलीत थांबत नाही, गंगेवर, गोदेच्या घाटावर जाऊन बसतो.

नंतरचं तुला माहीत नाही ते असं. इन्स्पेक्टरनी मला दोनदा बोलावलं. झुंबरच्या वकिलाचं म्हणणं आहे की ज्याला इतकं सगळं माहीत होतं, त्याचीच आधी चौकशी व्हावी. खून झाला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, सातवीत होतो, असं सांगितलं. शाळेचा दाखला आणा म्हणाले. तो मी आणून दिला. त्यावर 'वर्तन चांगले' असा शेरा आहे, तो त्यांनी दोनदा वाचला. सिनेमाची रिळं जप्त झाली आहेत. दिग्दर्शक येऊन विचारून गेले की ती परत कधी मिळतील, कारण एकच प्रसंग राहिला आहे.

माझी वहीही जप्त झाली आहे. हे तुला सांगायलाच पत्र लिहायला घेतलं. त्या वहीत तुला लिहिलेली दोन पत्रं आहेत, जी मी कधी टाकली नाहीत. सहा मार्चचं पत्र कोर्टात वाचलं जाईल. आप्पा कसे गेले ते सगळं त्यात आहे, त्याच्याच शब्दांत, आणि माझे काही शब्द आहेत ते त्याच्या शब्दांपेक्षा बरे नाहीत. नामपूरला मी तुला दिलं त्या पत्रात हे घातलं नव्हतं. तारीख कळली की मी कळवीन. त्या दिवशी तू येऊ नकोस. सासूबाईंनाही आणू नकोस. यायचंच ठरवलंस तर माझी ना नाही, तो निर्णय तुझा. पण आधी माझ्याकडून कळावं.

प्रकाशकाचं पत्र आलं होतं. खरी घटना म्हणून पुस्तकाची नवी आवृत्ती काढू म्हणतात, पाठीमागे आप्पांचा फोटो. मी नाही लिहून कळवलं. हे तू शाबासकी द्यावी म्हणून लिहीत नाही. आधी दोन दिवस मी होय लिहून ठेवलेलं पत्र खिशात घेऊन फिरत होतो.

आता शेवटचं. त्या दिवशी पंचनाम्यावर तुला सही करायची होती आणि तुझ्याकडे पेन नव्हतं. मी माझं दिलं. तू तीन ठिकाणी सही केलीस, टोपण लावलंस, पेन परत दिलंस. सासूबाई वखारीच्या दाराशी बसल्या होत्या, तू त्यांच्याकडे जायला निघालीस, आणि मग वळून विचारलंस, "जेवलात का?"

वर्षभराने तू मला विचारलेली ती पहिली गोष्ट. मी हो म्हणालो. चंद्रा, मी जेवलो नव्हतो. आदल्या दिवसापासून नव्हतो.

तुझा,
धोंडीराम